देवकापसाचा मणी

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो, करमणूक म्हणून. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मशीनवरून उतरलेला पार्ट मापात आहे का ते बघायचं, नसेल तर का नाही ते शोधायचं आणि रिपोर्ट द्यायचा – नोकरीला लागल्यापासून हेच करतोय. आमच्याकडे 'कारण सापडलं नाही' असं लिहून चालत नाही, काहीतरी लिहावंच लागतं. बायको म्हणते, हा स्वभाव मी घरीही आणतो, दूध उतू गेलं तरी चौकशी समिती बसवतो. असेल.

तर असा माणूस हे लिहितोय, एवढं ध्यानात ठेवा. यात कुणी पांढऱ्या साडीत दिसत नाही, कुत्री रडत नाहीत, लाइट जात नाही. जे झालं ते भर दुपारी, स्वयंपाकघराच्या दारात, घरच्या माणसांसमोर झालं. आणि ते समजायला आधी माझी आजी समजायला हवी.

आजी म्हणजे वडिलांची आई. सांगलीजवळ माधवनगरला राहायची. आजोबा तिथल्या कापडगिरणीत होते. त्यांना तीन मुलगे. थोरले माझे वडील, दादा, ते नोकरीसाठी साताऱ्याला आले आणि आम्ही सातारकर झालो. मधले अण्णा, ते आणि काकू आजीजवळ माधवनगरलाच राहिले. धाकटा तानाजी, आमचा तानूकाका. त्याच्याकडे नंतर येतो.

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिच्या हाताला आणि तोंडाला दोन्हीला कला होती. काकूची भाकरी करपली की तिथल्या तिथं तिच्यावर ओवी रचायची... तीन ओळी चेष्टेच्या आणि चौथ्या ओळीत सुनेचं असं कौतुक की काकूला रागावता येऊ नये. देवाचं सगळं करायची, पण त्याचा धाक कुणाला नव्हता. एकादशीला आम्ही पोरं तिच्यासमोर खायला लाजायचो, तर म्हणायची, "देव माझा हाय, उपास माझा हाय, तू खा की." गणपतीला ती 'पाव्हणं' म्हणायची आणि गौरींशी तर माहेरवाशिणीशी बोलावं तशी गप्पा मारायची. त्यांना साडी नेसवताना "जरा सरळ उभी ऱ्हा गं बाई" असं दटावताना मी स्वतः ऐकलंय.

तिची खरी कला म्हणजे कापसाची वस्त्रमाळ. देवाला घालतात ती – कापसाचे मणी, मधे पीळ, पिळावर कुंकू. सगळ्यांच्या घरी असते, पण आजीची बघायला गल्ली जमायची. त्याच कापसातून ती गौरींना वेण्या करायची, कानातले झुबे, कंबरपट्टा, एका वर्षी तर पिसारा फुलवलेला मोर केला होता. कात्री नाही, डिंक नाही... एका वाटीत दूध आणि दोन बोटं. आजोबांच्या काळात कापूस गिरणीतून यायचा. गिरणी बंद पडल्यावर अण्णांनी एकदा मेडिकलमधून कापसाची गुंडाळी आणून दिली, तर तिनं नाक मुरडलं. म्हणाली, "ह्यो दवाखान्यातला कापूस, ह्याला देवाची सवय न्हाई." मग तिनं परसात देवकापशीचं झाड लावलं. ते अजून आहे, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं.

गौरीच्या माळेत ती घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक मणी घालायची. घरातल्या म्हणजे तिच्या हिशेबानं. त्यात सुना आल्या, नातवंडं आली, शेजारच्या रशिदाचाचीचं अख्खं घर आलं. अण्णा एकदा कुरकुरले की चाचीचे मणी गौरीला कशाला, तर आजी म्हणाली, "गौरीनं इचारलं का तुला?" विषय संपला. दर गौरीला चाचीकडून शिरखुर्म्याचं पातेलं यायचं आणि आजी ते गौरीपुढं ठेवायची.

आता मुद्द्याचं. नावाचा मणी घालायची तिची रीत अशी होती – कापसाचं एक टोक नाव घेणाऱ्यानं चिमटीत धरायचं, मनात ते नाव आणायचं, आणि आजी दुधाच्या बोटांनी दुसरीकडून पीळ द्यायची. पीळ देऊन झाला की ती हात सोडायची. पीळ बसला की त्यावर कुंकू लावायचं आणि पुढचा मणी. आजीचं म्हणणं, जित्या माणसाच्या नावानं घातलेला पीळ बसतो. गेलेल्या माणसाच्या नावानं घातला की सुटतो. हे ती गूढ आवाजात वगैरे सांगायची नाही. विरजण लावलं की दूध लागतं, तसं सांगायची. दादा गेले, त्यांचं वर्ष झाल्यावरच्या गौरीला तिनं त्यांच्या नावाचा मणी घातला. मी समोर होतो. हात सोडल्याबरोबर तो उलगडला. तिनं तो कापूस मांडीवर सारखा केला, त्याची वात वळली आणि समईत लावली. गेलेल्यांचा कापूस वातीला, असा तिचा नियम होता. ती रडली नाही, पण त्या दिवशी समई तिनं विझू दिली नाही.

तानूकाकाचा मणी मात्र दर वर्षी माळेत असायचा.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. गिरणी बंद पडली, आजोबा घरी बसले. तानूकाकाही गिरणीतच लागला होता, तोही रिकामा. मोकळ्या हातांची दोन माणसं एका घरात म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. एका भांडणात आजोबा त्याला म्हणाले, "कमवून आणशील तवाच उंबरा वलांड." तो उठला आणि गेला. चप्पलही घातली नाही म्हणतात. त्यानंतर त्याची काही खबर नाही. आजोबांनी सांगली, मिरज, कोल्हापूर सगळं पालथं घातलं आणि हाय खाऊन गेले. आजी दर गौरीला त्याच्या नावाचं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्यात धरायची, पीळ द्यायची, हात सोडायची. म्हणायची, "हाय. कुठंतरी हाय."

आजीच्या शेवटच्या गौरी. मी दोन दिवसांची रजा काढून माधवनगरला गेलो होतो. अण्णांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, आणि कुणा गुरुजींनी सांगितलं होतं की घरातल्या बेपत्ता माणसाचा विधी राहिलाय, दर्भाचा पुतळा करून तो पितृपंधरवड्यात उरकून घ्या. अण्णा वाईट माणूस नाहीत. ते थकले होते. म्हणाले, "दरसाल ह्या मण्यावर आईचा जीव टांगलेला बघवत न्हाई रं. एकदा रडंल आणि मोकळी हुईल. तू शिकलेला हाईस, तूच सांग तिला."

मला ते पटलं. पण मी सांगायला गेलो की आजी हसणार हे माहीत होतं, म्हणून मी आमच्या पद्धतीनं जायचं ठरवलं. ट्रायल घ्यायची. दुपारची जेवणं झाली होती, आजी स्वयंपाकघराच्या दारात माळ करत बसली होती. मी म्हटलं, आजी, मी मनात नावं घेतो, तुला सांगत नाही. तू पीळ दे. बघू काय होतंय.

तिला गंमत वाटली. "मोठ्यानं घिऊच नगंस. मला काय करायचंय ऐकून."

पहिलं नाव बायकोचं घेतलं. पीळ बसला. दुसरं दादांचं. सुटला. इथवर ठीक, मी मनाशी म्हटलं, माझ्या चिमटीतच फरक पडत असणार, दादांचं नाव घेताना हात सैल पडत असणार. म्हणून तिसरं नाव असं घेतलं की ज्याच्याशी भावना वगैरे काही जोडलेली नाही... आमचे जुने साहेब. रिटायर होऊन लोणंदला घर बांधून राहिलेले. माझी सासुरवाडी लोणंदची, त्यामुळे वर्षातून एकदा बाजारात भेट व्हायची. ठणठणीत माणूस. पीळ देऊन आजीनं हात सोडला आणि मणी उलगडला.

मी लगेच म्हटलं, चुकलं. हा माणूस जिवंत आहे. अण्णा मागं उभे होते, त्यांनी सुस्कारा सोडला. मी आजीला समजावलं – कापसाचा धागा आखूड असला, हवा दमट असली, दूध पातळ असलं की पीळ सुटतो, यात बाकी काही नाही. तानूकाकाचा विधी करू दे अण्णांना. बोलताना मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

आजी ऐकून घेत होती. मग तो उलगडलेला कापूस हातात घेऊन म्हणाली, "त्या माणसाच्या घरी एक फोन कर." आणि अण्णांकडे बघून एवढंच बोलली, "जित्या माणसाचा पिंड घालू नगा. माझ्या लेकराच्या वाटणीचं अन्न कावळ्याला घालू नगा." ती कधी विनवणी करणारी बाई नव्हती. तरी मी फोन केला नाही. काय विचारणार? बरे आहात ना?

साताऱ्याला परतल्यावर, कामावर चहाला उभे असताना एकजण म्हणाला, साहेबांच्या दहाव्याला लोणंदला कोण कोण येतंय? मी म्हटलं, कुठले साहेब? तर तेच. आमच्या जुन्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूटवर ठेवलेला असतो. उघडून बघितलं. मी आजीसमोर बसलो होतो त्याच्या आदल्या दिवशीच ते गेले होते.

माझं डोकं त्याही वेळी चालूच होतं. मेसेज नकळत माझ्या नजरेखालून गेला असेल, लक्षात राहिला नसेल, पण आत कुठंतरी नोंद झाली असेल आणि चिमटी सैल पडली असेल... असं होऊ शकतं. पण फोन हातात होताच, म्हणून आधी अण्णांना लावला आणि म्हटलं, विधी करू नका. आत्ता तर नकोच. अण्णांनी कारण विचारलं, मी सांगितलं. साहेब कधी गेले ते त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बरं."

आजी त्याच माघात गेली. सकाळी देवपूजा केली, चहा घेतला, भिंतीला टेकून बसली ती बसलीच. माझ्या आयुष्यातलं मायेचं माणूस गेलं, याहून जास्त त्याबद्दल लिहिता येणार नाही. रशिदाचाची दिवसभर तिच्या उशाशी बसून होती.

दहाव्याला आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर. पिंड ठेवला आणि सगळे मनातून धास्तावलेले, कारण आजीची इच्छा काय राहिली हे प्रत्येकाला माहीत होतं. अण्णा तर दर्भ घेऊन कबूल करायच्या तयारीत उभे होते, तान्याला हुडकून आणतो म्हणून. त्यांना तोंड उघडायची वेळच आली नाही. आम्ही जरा मागं सरलो आणि कावळा सरळ येऊन शिवला. गुरुजी म्हणाले, समाधानानं गेल्यात. पोराची वाट बघत गेलेल्या बाईचं काही राहिलं नव्हतं? मी तेव्हा म्हटलं की कावळा आहे, भूक लागली, आला. अण्णांनी मात्र त्यानंतर पुतळ्याचा विषय कधी काढला नाही. मुलीचं लग्न पुढच्या वैशाखात जमलं, विधी न करताच.

आजी गेली म्हणून पुढच्या भाद्रपदात गौरी बसल्या नाहीत. आणि गेल्या वर्षी, गौरी बसायच्या साधारण महिनाभर आधी, रशिदाचाचीचा मुलगा अस्लम घाईघाईनं अण्णांकडे आला. त्याचे माग आहेत, साड्यांच्या कामासाठी तो कर्नाटकात रबकवीला जाऊन येऊन असतो. तिथं एका मागावाल्याकडे सूत रंगवणारा एक म्हातारा मराठीत शिवी देताना त्यानं ऐकला. शिवी माधवनगरची होती म्हणे. बोलायला गेला, तर तानूकाका.

रबकवी. सकाळी निघालं तर माणूस जेवायला घरी परत येईल एवढ्यावर... आणि एवढी वर्षं. कमवून आणलं तरच उंबरा ओलांड, हे शब्द धरून बसलेला. सुरुवातीला पुरेसं कमावलं नाही म्हणून आला नाही, नंतर एवढा उशीर झाला म्हणून आला नाही. अस्लमनं त्याला आई गेल्याचं सांगितलं. तो रंगाच्या कढईशेजारी बसून राहिला, येतो म्हणाला, पण आला नाही. अण्णा आणायला निघाले तर निरोप आला, येऊ नका, माझा मी येतो.

आला तो गौरी जेवायच्या दिवशी. मी होतो तिथं. दारात एक वाळलेला माणूस, हात कोपरापर्यंत निळे. अण्णा उठले, पण त्यांना पुढं होता येईना. दोघं भाऊ उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं उभे. शेवटी काकूनंच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "भावजी, आत या. अन्न निवतंय."

जेवणं झाली. काकू माळ करायला बसली. आजीमागं तीच करते, आजीएवढी सुबक होत नाही असं तीच म्हणते. तानूकाका दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. मग त्यानं विचारलं, "आई माझा मणी घालत हुती का?"

काकू म्हणाली, "दरसाल."

त्यानं मान हलवली. पुढं सरकून त्यानं कापसाचं टोक निळ्या चिमटीत धरलं. काकूनं पीळ दिला, बसला, कुंकू लागलं. अण्णा तोंड फिरवून परसाकडं बघत होते. मग तानूकाका म्हणाला, "आता आईचा."

काकू थबकली. आम्हा सगळ्यांना नियम माहीत होता. तिनं हळूच सांगितलं की भावजी, आत्याबाईंचा मणी सुटणार, तो कापूस समईला घ्यायचा असतो, मी वातीची जागा ठेवलीय. समईत खरंच एक जागा मोकळी होती. तानूकाका म्हणाला, "सुटू दे. वात मी वळतो." त्यानं डोळे मिटले. काकूनं दुधाची बोटं लावून पीळ दिला आणि हात सोडला.

मणी तसाच राहिला.

काकूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पुन्हा घाला. तिनं पीळ उलटा करून सोडवला, कापूस सारखा केला, परत दिला. बसला. मग मी टोक माझ्या हातात घेतलं, कारण तानूकाकाची चिमटी घट्ट असेल, रंगाच्या कामानं बोटांना राठपणा आला असेल. मी मुद्दाम हात सैल ठेवला. खुद्द माझ्या दोन बोटांत तो पीळ बसला आणि हलला नाही. खात्रीसाठी मी दादांचं नाव घेतलं, तोच कापूस, तेच दूध, तीच काकू. सुटला. शेवटी अण्णा आले, त्यांनी टोक धरलं, आईचं नाव घेतलं. बसला.

मी सगळं तपासलंय. काकूचा हात बसला असेल. त्या दिवशी पाऊस नव्हता, हवा कोरडी होती. किंवा सरळ असं असेल की आजीचं नाव मनात आलं की आमच्यापैकी कुणालाच चिमटी सोडवत नाही. हे शेवटचं कारण मला बरंचसं पटतं. पण तसंच असेल तर दादांचा मणी माझ्याच चिमटीत का सुटला, आणि साहेबांचं नाव आजीला मी सांगितलं नव्हतं. एक कारण बसवायला गेलं की दुसरं सुटतं.

काकूनं विचारलं, "कुंकू लावू का?"

अण्णा म्हणाले, "लाव."

समईतली ती जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशी गौरी निघाल्या. गौरींबरोबर माळही पाण्यात जाते. मी काकूला म्हटलं, तेवढा एक मणी काढून द्या, आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप आहे, धागा बघून घेतो, लगेच आणून देतो. मी हात पुढं केला होता. काकूनं माळ पदराखाली घेतली. म्हणाली, "ही जित्या माणसांची माळ हाय, भावजी... ह्यातनं कुणाला काढून देऊ?" मी तिचा पुतण्या, मला ती कधी भावजी म्हणत नाही, पण तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि समोर कोण आहे हे तिला दिसत नसावं.

मी हात मागं घेतला. माळ तानूकाकानं पाण्यात सोडली. कारण मला अजून सापडलेलं नाही.